बुडालेल्या जहाजाच्या भेटीला निघण्यापूर्वी

मैत्रिणींनो, चांदवडच्या बाईने समुद्राच्या तळाशी जाण्याचा बेत करावा, हे ऐकून तुम्हाला हसू येईल. खरं सांगते, आधी मलाही आलं होतं. आमचं गाव मुंबई-आग्रा रस्त्यावरचं, डोंगराच्या पायथ्याशी. रेणुकामातेचं देऊळ, अहिल्यादेवी होळकरांचा रंगमहाल आणि शिवारात कांदा, ही आमची ओळख. पाण्याचं म्हणाल, तर उन्हाळ्यात तालुक्यातल्या किती तरी वाड्या-वस्त्यांची नजर टँकरच्या वाटेकडे लागलेली असते. ‘खोल’ या शब्दाचा अर्थ इथल्या मुलींना कळतो तो विहिरीत वाकून पाहताना.

सुरुवात झाली ती वर्गात. मी इथल्या एका शाळेत अर्धवेळ शिकवते. २०२५ च्या फेब्रुवारीत वर्तमानपत्रात आलेली एक बातमी मी भूगोलाच्या तासाला वाचून दाखवली. नौदलातून निवृत्त झालेली ‘गुलदार’ ही युद्धनौका महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाच्या ताब्यात आली होती आणि ती सिंधुदुर्ग जिल्ह्यात निवतीच्या खडकांजवळ समुद्रात बुडवायचं ठरलं होतं. मागच्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, “बाई, चांगलं जहाज मुद्दाम कशाला बुडवायचं? आणि बुडवलंच, तर खाली जाऊन ते बघणार कोण?”

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी घरून वाचून येऊन दुसऱ्या दिवशी दिलं. दुसऱ्या प्रश्नाला मात्र माझ्या मनाने तिथल्या तिथे उत्तर दिलं होतं, ‘मी!’

आधी त्या पहिल्या प्रश्नाचं सांगते. गुलदार पोलंडमधल्या गिडिनिया इथे बांधलेली. १९८५ साली ती आपल्या नौदलात आली. रणगाडे आणि सैनिक थेट किनाऱ्यावर उतरवायचे हे तिचं काम. म्हणून तिची बांधणी एखाद्या भल्यामोठ्या बार्जसारखी, सपाट बुडाची. लांबी सुमारे ८४ मीटर, म्हणजे आपल्या सात-आठ एसट्या एकीमागे एक उभ्या केल्या तर होईल तेवढी. वजन सुमारे अकराशे टन. जवळजवळ चाळीस वर्षं सेवा करून १२ जानेवारी २०२४ रोजी पोर्ट ब्लेअरला, म्हणजे आताच्या श्री विजयपुरमला, ‘चीता’ आणि ‘कुंभीर’ या दोन बहिणींबरोबर ती निवृत्त झाली. भंगारात काढण्याऐवजी तिचं समुद्राखालचं संग्रहालय आणि माशांचं घर करायचं, अशी ही योजना. त्यासाठी केंद्र सरकारने सुमारे ४७ कोटी रुपये मंजूर केले.

माशांचं घर कसं, तर समुद्राचा तळ पुष्कळ ठिकाणी नुसत्या वाळूचा नाही तर चिखलाचा असतो. शेवाळाला, शिंपल्यांना, स्पंजांना, प्रवाळांना चिकटून बसायला काहीतरी टणक लागतं. लोखंडी जहाज तळाशी गेलं की आधी त्यावर शेवाळ धरतं, मग शिंपले येतात, त्यांच्या आडोशाला बारीक मासळी येते आणि तिच्यामागे मोठी. यालाच कृत्रिम प्रवाळभिंत म्हणतात. आपल्या ‘टाकाऊतून टिकाऊ’ सदरासारखंच हे काम, फक्त आकाराने अवाढव्य!

पण टाकाऊ वस्तू नुसती टाकून दिली, तर ती टिकाऊ होत नाही. अमेरिकेत फ्लॉरिडाच्या किनाऱ्याजवळ १९७२ च्या सुमारास माशांना घर म्हणून सुमारे वीस लाख जुने टायर समुद्रात सोडले होते. त्यांचे बांध तुटले, टायर मोकळे झाले आणि लाटांबरोबर जवळच्या खऱ्या प्रवाळांवर आपटू लागले. पुढे ते वर काढण्यात कित्येक वर्षं गेली. तिथेच २००२ साली ‘स्पीगल ग्रोव्ह’ नावाचं जुनं लढाऊ जहाज बुडवायला नेलं, तर ते ठरल्या वेळेआधीच कलंडलं आणि उलटं झालं. नाक वर पाण्याबाहेर! खटपटी करून ते कुशीवर वळवलं. आणि गंमत पाहा, २००५ साली डेनिस नावाचं चक्रीवादळ आलं आणि त्याने ते अलगद सरळ बसवलं.

म्हणून जहाज बुडवण्याआधी ते रिकामं करावं लागतं. तेल, वंगण, विषारी रंग, तारा, प्लॅस्टिक, सगळं काढायचं. पाणबुड्यांना अडकण्याचा धोका राहू नये म्हणून दारं काढायची, ठिकठिकाणी भोकं पाडायची. ज्यातून पुढे अपाय होईल असं पोटात काही ठेवायचं नाही. हे वाक्य मी वर्गात सहज बोलून गेले. ते पुढे माझ्याच वाट्याला यायचं होतं.

घरी बेत सांगितला तेव्हा आमचे हे म्हणाले, “आधी बोटीत बसून उलटी होते का ते बघू!” सासूबाई म्हणाल्या, “अगं, तीर्थाला जाऊन लोक तीन बुड्या मारतात, तुला एकच मारायला एवढ्या लांब जायचंय?” तेरा वर्षांची लेक मात्र लगेच माझ्या बाजूला आली. तशी मी पाण्याला भिणारी नाही. माहेरच्या विहिरीत पाठीला डबा बांधून मी पोहायला शिकले. पण विहीर वेगळी आणि समुद्र वेगळा.

चौकशी केली तेव्हा पहिली गोष्ट कळली ती ही, की थेट बुडालेल्या जहाजावर कुणी उतरत नाही. पायरीपायरीने जावं लागतं. अगदी नवख्या माणसाला प्रशिक्षकाचा हात धरून उथळ पाण्यात नेतात, जास्तीत जास्त १२ मीटरपर्यंत. पुढे तीन-चार दिवसांचा पहिला अभ्यासक्रम केला, की १८ मीटरपर्यंत जाता येतं. त्याच्या पुढचा केला तर ३० मीटर. वय किमान दहा हवं. हे शिक्षण घ्यायला परदेशी जावं लागत नाही. मालवणजवळ तारकर्लीला पर्यटन महामंडळाची स्कूबा डायव्हिंगची संस्था आहे. तेव्हा आमचा बेत ठरला तो असा : यंदा उथळ पाण्यातली पहिली बुडी, पुढच्या वर्षी अभ्यासक्रम, आणि मग जहाज.

गेल्या नाताळच्या सुट्टीत मनमाडला गाडी धरली, पनवेलला बदलली आणि कुडाळला उतरलो. तिथून मालवण तासाभराच्या वाटेवर. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस इथे चांगले. पाणी शांत आणि बरंचसं नितळ असतं. पावसाळ्यात सगळं बंद. मालवणच्या धक्क्यावर उभं राहिलं की समोर सिंधुदुर्ग किल्ला. महाराजांनी १६६४ साली त्याचं काम सुरू केलं. डोंगरावरचे किल्ले पाहत वाढलेल्या आम्हा घाटावरच्यांना, लाटांत पाय सोडून बसलेला तो किल्ला पाहून काय वाटलं ते शब्दांत सांगता येत नाही. या भागातला काही समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे.

किनाऱ्यावर बुडी मारून आणणारे पुष्कळ. एकाने भाव सांगितला, दोन फोटो फुकट म्हणाला आणि “चला ताई, बोट सुटतेय” म्हणून घाई करू लागला. तब्येतीची विचारपूस नाही, की कागद नाही. आम्ही तिथून निघालो. दुसऱ्या केंद्रात आधी बसवलं, पाणी दिलं आणि पुढ्यात कागद ठेवला. हृदयाचा त्रास, फीट, कानाची शस्त्रक्रिया, रक्तदाब, मधुमेह, दिवस गेले आहेत का, असे एकापुढे एक प्रश्न, आणि प्रत्येकापुढे ‘होय’ आणि ‘नाही’ अशा दोन चौकटी.

यांनी आणि लेकीने भराभर ‘नाही’वर खुणा केल्या. माझंही पेन चाललं होतं. मग तो प्रश्न आला : गेल्या वर्षभरात दमा, छातीत घरघर?

मैत्रिणींनो, इथे तुमच्यापाशी कबूल करते. दर वर्षी कांदा चाळीत भरायच्या दिवसांत ती धूळ नाकातोंडात गेली, की माझी छाती वाजते. डॉक्टरांनी दिलेला ओढायचा पंप मी कपाटात साड्यांच्या मागे ठेवते. यांना अर्धवट ठाऊक, सासूबाईंना मुळीच नाही. का, ते मलाही नीट सांगता येणार नाही. लग्न ठरताना आईने “हे कुठे बोलू नकोस” म्हणून सांगितलं होतं, तेच चालू राहिलं. सासूबाईंची रक्तदाबाची गोळी, यांचं ॲसिडिटीचं औषध, लेकीची लस, सगळं मला तोंडपाठ. आणि स्वतःचा पंप साड्यांमागे!

पेन ‘नाही’च्या चौकटीवर टेकलं होतं. एवढा खर्च करून आलोय, लेक आशेने बघतेय, आणि आज तर छाती अगदी स्वच्छ आहे. कोण बघायला येणार? तेवढ्यात समोरची प्रशिक्षक मुलगी, असेल पंचविशीची, म्हणाली, “काकू, शंका असली तर आधी विचारा. हा कागद आमच्यासाठी नाही, तुमच्यासाठी आहे.”

मी विचारलं. तिने जे सांगितलं ते तुम्हालाही सांगते, कारण बुडीतला सगळ्यात मोठा धडा हाच. पाण्यात दर दहा मीटरला हवेच्या एका वातावरणाएवढा दाब वाढतो. आपल्या कुकरमध्ये शिट्टीच्या वेळी जेवढा जादा दाब असतो ना, साधारण तेवढा. दहा मीटरवर आपण छातीत जी हवा भरून घेतो, ती वर येईपर्यंत फुगून दुप्पट होते. म्हणून पाण्याखाली श्वास कधीच रोखून धरायचा नाही, सतत चालू ठेवायचा. निरोगी माणसाची जादा हवा उच्छ्वासाबरोबर निघून जाते. पण दम्याने श्वासनळ्या आवळल्या, तर हवा आतच कोंडते, आणि वर येताना फुप्फुसाला इजा होऊ शकते. अशा वेळी जीवही जातो.

मी ‘होय’वर खूण केली. ती मुलगी म्हणाली, “मग डॉक्टरांच्या सहीशिवाय आज तुम्हाला नेता येणार नाही, काकू.” तिने ते इतक्या सहज सांगितलं की मला रडू येता येता थांबलं.

हे आणि लेक खाली गेले. मी बोटीत बसून राहिले. पाण्यावर बुडबुड्यांच्या दोन माळा येत होत्या, त्यांवर माझी नजर. वीसेक मिनिटांनी लेक वर आली, तोंडातली नळी काढून म्हणाली, “आई, मासा माझ्या चष्म्यासमोर येऊन थांबला!” मला आनंद झाला, आणि हेवाही वाटला. परत येताना हे एवढंच म्हणाले, “पंप कुठे ठेवतेस?” मी सांगितलं. बारा वर्षांत पहिल्यांदा.

बोटीत बसल्या बसल्या आणि पुढच्या दोन दिवसांत त्या मुलीकडून मी जे शिकून घेतलं, ते आता सांगते. तुमच्यापैकी कुणाला जायचं असेल तर उपयोगी पडेल.

पाठीवरच्या नळकांड्यात शुद्ध ऑक्सिजन असतो, असं आपल्याला वाटतं. तसं नाही. तिथे आपली साधी हवाच दाबून भरलेली असते. जितकं खोल जावं तितकी ती लवकर संपते. वर जेवढी हवा तास दीड तास पुरेल, तेवढी २० मीटरवर तिपटीने संपते. म्हणून जहाजाच्या बुडीत पुष्कळजण तिसऱ्या हिश्शाचा नियम पाळतात : एक हिस्सा जायला, एक परतायला आणि एक अडीअडचणीला राखून. महिन्याच्या खर्चाला आपण डब्यात बाजूला ठेवतो, तसंच. आणि विशेष शिक्षण घेतल्याशिवाय जहाजाच्या आत शिरायचं नाही. बाहेरूनच पाहायचं. आत अंधार, गाळ आणि डोक्यावर छप्पर असतं, सरळ वर येता येत नाही.

कानांचं असं, की खाली जाताना दर मीटरला नाक चिमटीत धरून हलकेच फुंकर मारायची, म्हणजे कान मोकळे होतात. दुखू लागले तर पुढे जायचं नाही, थोडं वर यायचं. सर्दी असेल तर त्या दिवशी बुडी रद्द. पाण्याखाली बोलता येत नाही, सगळं खुणांनी. आपण ‘छान’ म्हणून अंगठा वर करतो, पण तिथे त्याचा अर्थ ‘वर चला’ असा होतो! ‘सगळं ठीक’ सांगायला अंगठा आणि पहिलं बोट जोडून गोल करायचा. वर येणं सावकाश, मिनिटाला ९ मीटरपेक्षा जास्त नाही. खोल बुडी असेल तर पाच मीटरवर तीन मिनिटं थांबून मगच वर.

आता आपल्या घाटावरच्यांसाठी खास गोष्ट. बुडी मारून लगेच विमानात बसू नये, हे बऱ्याच जणांना ठाऊक असतं. पण घाट चढणंही त्यातलंच. दाबाखाली हवेतला नायट्रोजन रक्तात आणि अंगात मुरतो. तो हळूहळू बाहेर पडायला वेळ द्यावा लागतो. लगेच उंचावर गेलं तर सोड्याची बाटली उघडल्यासारखे त्याचे अंगात बुडबुडे होतात. सांधे दुखतात, कधी त्याहून वाईटही होतं. सुमारे ६०० मीटरच्या वर जायचं असेल, तर एका बुडीनंतर निदान १२ तास आणि अनेक बुड्या झाल्या असतील तर निदान १८ तास थांबावं, असा संकेत आहे. आम्ही परत येताना कोल्हापूरच्या नातेवाइकांकडे जायचं म्हणून सकाळी बुडी आणि दुपारी आंबोली घाट, असं ठरवलं होतं. आंबोली सुमारे ६९० मीटर उंच! बेत बदलला, एक मुक्काम वाढवला. शेवटचा दिवस मालवणात भाकरी-सोलकढी खात, बाजारात हिंडत काढायचा, हे आता आमच्या पुढच्या बेतात पक्कं लिहिलेलं आहे. नाशिकही सुमारे ६०० मीटरवर आहे, तेव्हा घरी परतणं म्हणजेसुद्धा चढणंच.

बायकांचे आणखी काही प्रश्न असतात, ते मी त्या मुलीला बाजूला घेऊन विचारले. कपडे अंगाबरोबर बसणारे असावेत, वरून ते रबरी पोशाख देतात, त्यामुळे संकोचाचं कारण नाही. मंगळसूत्र, कानातलं, बांगड्या खोलीवर ठेवाव्यात. केसांची घट्ट वेणी घालावी, सुटे केस चष्म्यात अडकून पाणी आत येतं. पाळीच्या दिवसांत बुडीला मनाई नाही, आपल्याला बरं वाटत असलं म्हणजे झालं. दिवस गेले असतील, किंवा तशी शंका जरी असली, तरी मात्र अजिबात नको. बोट लागत असेल तर गोळी घेण्याआधी डॉक्टरांना विचारावं, काही गोळ्यांनी गुंगी येते. प्रवाळाला हात लावू नये, आणि माशांना पाव-बिस्किटं टाकू नयेत. ते त्यांचं अन्न नव्हे. शिवाय खास गुलदारसाठी निघायचं असेल, तर तिथल्या बुडीची व्यवस्था पर्यटन महामंडळाकडे विचारून मगच तिकिटं काढा.

चांदवडला परतल्यावर मी दोन गोष्टी केल्या. पंप साड्यांमागून काढून देवघराशेजारच्या फळीवर, सासूबाईंच्या गोळ्यांच्या डब्याजवळ ठेवला. सासूबाईंनी पाहिला. थोडा वेळ गप्प राहून म्हणाल्या, “मलाही तुझ्याएवढी असताना धाप लागायची. आम्ही कुणाला सांगितलं?” त्या दिवसापासून चाळीत कांदा भरायला मला जाऊ देत नाहीत. गेलेच तर पदर नाकाला बांधायला लावतात.

दुसरी गोष्ट, नाशिकला छातीच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी नळीत फुंकायला लावून तपासणी केली आणि म्हणाले, “दमा ताब्यात नाही, कारण त्रास झाला तेवढ्यापुरताच पंप घेता. रोजचं औषध नेमाने घ्या, तीन महिन्यांनी पुन्हा तपासू, पळायला लावून बघू. मग बुडीचं ठरवू. होय म्हणेन असं वचन देत नाही.” मला ते उत्तर आवडलं. आता रोज सकाळ-संध्याकाळ औषध घेते आणि पहाटे रेणुकामातेच्या देवळापर्यंत भरभर चालून येते. पूर्वी मध्येच थांबावं लागायचं, आता एका दमात जाते.

शाळेत त्या मुलीने परवा पुन्हा विचारलं, “बाई, जाऊन आलात का खाली?” मी म्हटलं, “अजून नाही गं. जहाजाची करतात तशी माझी तपासणी चालू आहे.” वर्ग हसला, मीही हसले.

डॉक्टरांनी होय म्हटलं, तर मी त्या जहाजाकडे जाईन आणि तुम्हाला सगळं लिहून कळवीन. नाही म्हणाले, तर लेक जाईल आणि मी बोटीत बसून तिचे बुडबुडे मोजीन. पण मैत्रिणींनो, तुमच्यापुढे असा एखादा कागद आला, मग तो समुद्राकाठी असो की दवाखान्यात, तर खरं तेच लिहा. आणि साड्यांच्या मागे काही लपवलेलं असेल, तर आजच काढून सगळ्यांना दिसेल अशा फळीवर ठेवा.